राक्षसाला रंग देणारी माणसं

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं तर कधीकधी काहीतरी हाताला लागतं. दोनेक वर्षांपूर्वी मला एक फाटकं मुखपृष्ठ मिळालं. नुसतं मुखपृष्ठ, आतली पानं कुणीतरी भेळेला वापरली असावीत. अमेरिकेतल्या ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या मासिकाचं ते होतं आणि त्यावर फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा चेहरा होता. चपटं डोकं, जड पापण्या, मानेतले खिळे. पण सिनेमात दिसतो तसा करडा नव्हे. हिरवा, जांभळा, केशरी. दोन्ही बाजूंनी कुणीतरी रंगीत दिवे धरले आहेत आणि मधला माणूस डोळे अर्धे मिटून ते सहन करतो आहे, असं ते चित्र. कोपऱ्यात सही होती, ‘गोगोस’.

बाजारवाल्याने वीस रुपये मागितले. पंधराला दिलं.

राक्षसाचं चित्र मला भेसूर न वाटता दुःखी वाटलं, हे विचित्र होतं. हे चित्र काढणारा कोण, त्याने ते कशावरून काढलं, हा चेहरा मुळात कुणाचा, असं शोधत गेलो. शोधताना लंडन, अलेक्झांड्रिया, कैरो आणि शेवटी आमचं नगरही वाटेत आलं. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर.

सुरुवात पुस्तकापासून करावी लागेल. मेरी शेलीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतलं ते 1816च्या उन्हाळ्यात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुस्तक 1818 साली आलं, तेही लेखिकेच्या नावाशिवाय. सिनेमा पाहिलेल्या बहुतेकांना वाटतं की फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव. ते त्याला बनवणाऱ्याचं नाव आहे. राक्षसाला नावच नाही. कादंबरीत तो मुका नाही, उत्तम बोलतो, वाचतो, वाद घालतो. तो भाषा कशी शिकतो, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच सिनेमावाल्यांनी गाळला.

तो जंगलातल्या एका झोपडीला लागून लपून बसलेला असतो. झोपडीत एक परागंदा फ्रेंच कुटुंब राहतं. त्यांच्याकडे सफी नावाची मुलगी येते. तिचा बाप तुर्की व्यापारी आणि आई ख्रिस्ती अरब. बापाला पॅरिसमध्ये खोट्यानाट्या खटल्यात मृत्युदंड होतो आणि गावभर लोकांना ठाऊक असतं की त्याचा खरा गुन्हा त्याचा धर्म आणि त्याची संपत्ती हाच आहे. या सफीला फ्रेंच येत नाही. घरातला मुलगा तिला पुस्तक वाचून भाषा शिकवतो आणि भिंतीपलीकडे बसलेला राक्षस त्याच शिकवणीवर फुकट शिकतो. एका परक्या मुलीच्या धड्यांतून एक परका जीव माणसांची भाषा उचलतो. मेरी शेलीनेही सगळंच काही उदार मनाने लिहिलेलं नाही. तो तुर्की व्यापारी पुढे कृतघ्न निघतो आणि त्याच्या धर्माबद्दल त्या काळच्या युरोपात चालणारे सगळे समज पुस्तकात आहेत. तरीही राक्षसाची वर्गमैत्रीण तिने अशी निवडली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुस्तकातला राक्षस दिसतो कसा? कातडी पिवळी, आतल्या शिरा दिसतील इतकी पातळ, केस काळेभोर, लांब, ओठ काळे, दात मोत्यांसारखे. 1831च्या आवृत्तीत थिओडोर फॉन होल्स्ट या चित्रकाराचं चित्र छापलं गेलं. त्यात एक धिप्पाड, पिळदार तरुण जमिनीवर भांबावून बसला आहे आणि त्याला घडवणारा दारातून पळून जातो आहे. चपटं डोकं नाही, खिळे नाहीत. म्हणजे आज जगातल्या कुठल्याही पोराला दाखवला तर तो ओळखेल असा जो चेहरा आहे, तो पुस्तकातून आलेला नाही. तो हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत, 1931 साली, रंगभूषेच्या खुर्चीत तयार झाला.

ती खुर्ची जॅक पिअर्सची. पिअर्स ग्रीसमध्ये जन्मलेला, अमेरिकेत आल्यावर नाव बदललेला. त्याचं म्हणणं असं की मेंदू बदलायचा तर शल्यविशारद कवटी डब्याच्या झाकणासारखी उघडेल, म्हणून डोकं वरून सपाट. मानेतले ते खिळे खरं तर वीज आत सोडण्याच्या कांड्या. कापूस, कलोडियन आणि डिंकासारखं द्रव्य थरावर थर लावून रोज चार-एक तास हे काम चाले. दिग्दर्शक जेम्स व्हेलनेही रेखाटनं केली होती, त्यामुळे श्रेय कुणाला किती यावर वाद आहे. जड पापण्यांची कल्पना मात्र नटाची. डोळे फार जिवंत दिसतात, नुकत्याच जागं झालेल्याचे वाटत नाहीत, म्हणून त्याने पापण्यांवर मेण लावून घेतलं. एका बाजूचे बसवलेले दात काढून टाकले, म्हणजे गालाला खळगा पडला.

त्या नटाचं नाव बोरिस कार्लॉफ. नाव रशियन, माणूस नव्हे. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडन, 1887. सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे फक्त प्रश्नचिन्ह होतं. ती जाहिरातीची क्लृप्ती होती. पण या माणसाच्या बाबतीत ते प्रश्नचिन्ह थोडं जास्तच खरं होतं.

इथे नगर येतं.

1831 साली, म्हणजे होल्स्टचं ते चित्र छापलं गेलं त्याच वर्षी, अहमदनगरच्या लष्करी वस्तीत ॲना एडवर्ड्स नावाची मुलगी जन्मली. बाप कंपनीच्या फौजेतला, तिच्या जन्माआधीच वारलेला. हीच पुढे ॲना लिओनोवेन्स झाली, सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेली आणि तिच्यावर ‘द किंग अँड आय’ हे नाटक-सिनेमा आले. आयुष्यभर ती सांगत राहिली की आपण वेल्समध्ये, चांगल्या घरात जन्मलो. नगरचं नाव तिने कधीही घेतलं नाही. कारण तिची आजी. त्या आजीचं नाव कागदपत्रांत मिळत नाही. ती हिंदी किंवा मिश्र वंशाची असावी असं अभ्यासक मानतात. गोऱ्यांच्या जगात वर चढायचं तर अशी आजी परवडत नव्हती.

ॲनाला एलायझा नावाची थोरली बहीण होती. तिने तोफखान्यातल्या एका सार्जंट-मेजरशी लग्न केलं. त्यांची मुलगी सुरतेत जन्मली, सुरतेतच 1864 साली तिचं लग्न एडवर्ड प्रॅट या सरकारी नोकराशी झालं. प्रॅट मिठाच्या महसूल खात्यात होता. त्यांचं धाकटं पोर म्हणजे हा विल्यम. ॲनाने बहिणीच्या या कुटुंबाशी संबंध इतके तोडले होते की प्रॅटांपैकी कुणीतरी पत्र लिहून ओळख सांगितली तेव्हा तिने पुन्हा लिहिलंत तर जीव देईन अशी धमकी दिली.

विल्यम सावळा होता. भाऊ सरकारी नोकऱ्यांत गेले, एक तर मोठा मुत्सद्दी झाला. हा 1909 साली कॅनडाला निघून गेला, मजुरी केली, फिरत्या नाटक कंपन्यांत राबला, नाव बदललं. मूकपटांच्या काळात हॉलिवूडने त्याचा रंग पाहिला आणि हिंदू नोकर, अरब, मेक्सिकन, ज्याच्यावर संशय घ्यायचा असतो असा कुणीही, अशी कामं त्याला दिली. चाळिशी उलटल्यावर एके दिवशी जेम्स व्हेलने स्टुडिओच्या खाणावळीत त्याला जेवताना पाहिलं आणि बोलावून राक्षसासाठी चाचणी द्यायला सांगितलं. नगरच्या छावणीतल्या एका निनावी बाईच्या पणतीचा मुलगा असा जगातला सगळ्यात प्रसिद्ध निनावी जीव झाला.

ही गोष्ट मी आमच्या गल्लीत दोन-चार जणांना सांगून पाहिली. कुणालाही खरी वाटली नाही.

आता चित्रांकडे येतो. सिनेमा कृष्णधवल होता. पिअर्सने कार्लॉफच्या तोंडाला निळसर-हिरवट रंग फासला, पण तो पडद्यावर प्रेतासारखा पांढुरका उमटावा म्हणून. प्रेक्षकांनी हिरवा राक्षस पाहिलाच नाही. तरीही आज मुलांना रंगवायला दिला तर ती हिरवाच खडू उचलतात. हा रंग पोस्टरवाल्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या चित्रकारांनी दिला. सिनेमाने आकार दिला, रंग कागदावर आला.

युनिव्हर्सलच्या जाहिरात खात्यात तेव्हा कॅरोली ग्रॉझ हा हंगेरीहून आलेला चित्रकार होता. ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘द ममी’, ‘द इनव्हिजिबल मॅन’ या सिनेमांच्या काळातली कला त्याच्या देखरेखीखाली झाली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची पहिली घोषणा झाली तेव्हा कार्लॉफचं नावही नव्हतं. राक्षस म्हणून बेला लुगोसीचं नाव होतं आणि चित्रात शहरावर उभा असलेला, डोळ्यांतून किरण सोडणारा एक अवाढव्य जीव होता. म्हणजे चित्र आधी, चेहरा नंतर. आपल्याकडेही असं चालायचं, मुहूर्ताच्या आधी पोस्टर तयार.

ही पोस्टरं दगडी छपाईची, लिथोग्राफ. सत्तावीस इंच रुंद, एकेचाळीस उंच. एकेक रंग वेगळा छापायचा. सिनेमा आठवडाभर चालला की पोस्टर एकतर वितरकाकडे परत जायचं, नाहीतर त्याच्यावरच दुसरं चिकटवलं जायचं. पुढे महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात उरलेलं गेलं. म्हणून ‘द ममी’च्या मूळ पोस्टरच्या आज तीनच प्रती माहीत आहेत. त्यातली एक 1997 साली न्यूयॉर्कच्या लिलावात चार लाख त्रेपन्न हजार पाचशे डॉलरला गेली. तेव्हा तो पोस्टरच्या किमतीचा जागतिक विक्रम होता. ग्रॉझला त्या पोस्टरचे किती मिळाले असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा. तो पगारी माणूस होता.

‘द ममी’बद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण माझा खरा गुंता तिथे आहे.

1922च्या नोव्हेंबरात तुतानखामेनची कबर सापडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनने इजिप्तला एकतर्फी ‘स्वातंत्र्य’ जाहीर केलं होतं, फौज आणि कालवा हातात ठेवून. कबरीतल्या वस्तू कुणाच्या, यावरून झगडा सुरू झाला. आजवर खोदणारे परदेशी आपला वाटा घेऊन जात. या वेळी कैरोच्या सरकारने पाय रोवले, 1924 साली हॉवर्ड कार्टरला कबरीबाहेर ठेवून कुलूप लावलं आणि खजिना देशाबाहेर जाऊ दिला नाही. या सगळ्याचं वार्तांकन करणाऱ्यांत जॉन बाल्डरस्टन नावाचा अमेरिकी पत्रकार होता. पुढे तो नाटककार झाला आणि ‘द ममी’ची पटकथा त्यानेच लिहिली. दिग्दर्शन कार्ल फ्रॉइंडचं. तो जर्मन सिनेमातला नावाजलेला छायाचित्रकार, मूळचा बोहेमियातला ज्यू.

सिनेमात पट्ट्यांत गुंडाळलेली ममी किती वेळ दिसते? सुरुवातीचे काही क्षण. पिअर्सने त्यासाठी कार्लॉफला आठ तास बसवलं होतं. आणि ती चालताना तर जवळजवळ दिसतच नाही. एक हात आणि दारातून फरफटत जाणारी पट्टी, एवढंच. त्यानंतर कथा अकरा वर्षं पुढे जाते आणि इम्होतेप आपल्यासमोर येतो तो अर्दथ बे या नावाने. अंगात लांब झगा, डोक्यावर तुर्की टोपी. आधुनिक कैरोतला एक सभ्य, सुरकुतलेला, हळू बोलणारा मुसलमान वाटावा असा गृहस्थ.

आमच्या घरात पणजोबांचा एक फोटो आहे. 1930च्या दशकातला असावा. कोट, हातात काठी आणि डोक्यावर तीच टोपी, गोंड्यासकट. खिलाफत चळवळीनंतर महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुसलमान घरांत असे फोटो सापडतील. शिकलेला, इज्जतदार माणूस असं सांगण्याची ती पद्धत होती. मी पहिल्यांदा ‘द ममी’ पाहिला तेव्हा अर्दथ बे दारात उभा राहिला आणि मला पणजोबा आठवले. भीती वाटायला हवी होती तिथे मी टोपीचा कोन बघत बसलो. ज्या क्षणी प्रेक्षकाने दचकायचं असतं, त्या क्षणी आपल्या घरचा माणूस दिसावा, हा अनुभव कसा सांगायचा ते मला अजून नीट कळलेलं नाही.

पण बाल्डरस्टन कैरोची भांडणं जवळून पाहिलेला होता, आणि त्याच्या पटकथेत एक गंमत आहे. कबर दाखवायला आलेला अर्दथ बे इंग्रजांना सांगतो की आम्हा इजिप्तवासीयांना आमचेच पुरातन मृत उकरायची परवानगी नाही, ती फक्त परदेशी संग्रहालयांना आहे. सगळ्या सिनेमातलं सगळ्यात खरं वाक्य राक्षसाच्या तोंडी आहे. एक गोरा अभ्यासक तर कुरकुरतो की वस्तू ब्रिटिश म्युझियमला न जाता कैरोतच राहणार. 1932च्या हॉलिवूडमध्ये हे कसं सुटलं कोण जाणे.

ग्रॉझच्या पोस्टरवर यातलं काही नाही. तुर्की टोपीही नाही. समोर लाल झग्यातली बाई आणि मागे छातीवर हात घेतलेली पट्ट्यांतली आकृती. त्याने सिनेमातले ते मोजके क्षण उचलले आणि पुढची नव्वद वर्षं जगाने ममी म्हणून तेच काढलं, व्यंगचित्रांत, खेळण्यांत, आइस्क्रीमच्या वेष्टनावर. एका अर्थी त्याने आमच्या पणजोबांवर उपकारच केले. टोपी विसरली गेली, पट्ट्या राहिल्या. अर्थात हे उपकार त्याच्या मनातले नव्हेत. पट्ट्या लांबून दिसतात, टोपी दिसत नाही, एवढाच हिशेब असणार.

त्याच वर्षी कार्लॉफने दुष्ट चिनी डॉक्टर फू मांचूही रंगवला. एक सावळा इंग्रज, एका वर्षात इजिप्तचा आणि चीनचा राक्षस. नगरच्या आजीचं नाव मात्र कुठेच नाही.

मग गोगोस. बेसिल गोगोस 1929 साली इजिप्तमध्ये, तिथे स्थायिक झालेल्या ग्रीक कुटुंबात जन्मला. अलेक्झांड्रियात तेव्हा ग्रीक, इटालियन, आर्मेनियन, ज्यू, अरब सगळे एकाच बाजारात होते. सोळाव्या वर्षी तो अमेरिकेत आला, छोटीमोठी कामं करत न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकला. 1957 साली युनिव्हर्सलचे बावन्न जुने सिनेमे ‘शॉक’ या नावाखाली टीव्हीवाल्यांना विकले गेले आणि ज्यांचे बाप ‘फ्रँकेन्स्टाइन’ बघून घाबरले होते, ती पोरं आता रात्री जागून तेच बघू लागली. पुढच्याच वर्षी ‘फेमस मॉन्स्टर्स’ निघालं. 1960 साली नवव्या अंकाचं मुखपृष्ठ गोगोसला मिळालं आणि मग तो आणि ते मासिक वेगळे काढता येईनासे झाले.

काम काय होतं? संपादकाकडून एक कृष्णधवल स्टिल फोटो यायचा. बऱ्याचदा वाईट प्रत. त्यावरून रंगीत चेहरा करायचा. मूळ रंग कुठे नोंदलेले नव्हते आणि नोंदले असते तरी उपयोग नव्हता, कारण ते कॅमेऱ्यासाठी फासलेले. तेव्हा गोगोसने मनानेच दिवे लावले. एकीकडून हिरवा, दुसरीकडून लाल, खालून पिवळा. कातडीचा स्वतःचा रंग जवळजवळ ठेवलाच नाही. चेहऱ्यावर जे पडतं तेवढंच रंगवलं. ब्रशचे फटकारे मोकळे, जवळून पाहिलं तर नुसते ठिपके आणि पट्टे. त्यामुळे काय होतं, तर डोळे तेवढे शांत राहतात. भोवती रंगांचा गोंधळ आणि मध्ये एक माणूस. ग्रॉझच्या पोस्टरचं काम रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचं होतं. गोगोसकडे येणारं पोरगं आधीच थांबलेलं होतं, म्हणून त्याला चेहऱ्यात उतरता आलं, असं मला वाटतं.

कार्लॉफ सांगायचा की मुलं राक्षसाला घाबरत नाहीत, त्यांना त्याची दया येते. तशी पत्रं त्याला येत. गोगोसने त्या मुलांसाठी चित्रं काढली. 2 फेब्रुवारी 1969ला कार्लॉफ गेला, तेव्हा मासिकाने त्याच्या स्मरणार्थ काढलेल्या अंकावर गोगोसचाच राक्षस होता.

पिअर्सचं काय झालं? 1940च्या दशकात युनिव्हर्सलची व्यवस्था बदलली. त्याची थराथराने काम करायची पद्धत वेळखाऊ ठरली, रबराचे तयार साचे आले आणि त्याला काढून टाकलं. त्याने बनवलेल्या चेहऱ्याचा हक्क स्टुडिओचा. मुखवटे, खेळणी, प्लॅस्टिकची मॉडेल किट, सगळ्यावर तोच चेहरा आणि पिअर्सला त्यातला छदाम नाही. 1968 साली तो वारला, तेव्हा मयतीला फार थोडी माणसं होती. लुगोसीच्या वारसांनी ड्रॅक्युलाच्या चेहऱ्यासाठी खटला लढवला, तो 1979 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. कायदा पुढे बदलला. पण नटाला निदान स्वतःचा चेहरा तरी असतो. रंगभूषाकाराने काय दाखवायचं?

1997 साली, ते पोस्टर विकलं गेलं त्याच वर्षी, अमेरिकेच्या टपाल खात्याने सिनेमातल्या राक्षसांची पाच तिकिटं काढली, बत्तीस सेंटची. नटांच्या मुलाबाळांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. चित्रं थॉमस ब्लॅकशिअर या कृष्णवर्णीय चित्रकाराची. पाचांत कार्लॉफ दोनदा आहे, राक्षस म्हणून आणि ममी म्हणून. इतक्या वर्षांत कार्लॉफचा चेहरा ग्रीकाने घडवला, हंगेरियनाने भिंतीवर लावला, इजिप्तच्या ग्रीकाने रंगवला आणि गुलामांच्या वंशजाने तिकिटावर चढवला. ममीच्या त्या पोस्टरची एक प्रत नंतर मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे दिसते. त्याची आई फिलिपिनो. लहानपणी ‘फेमस मॉन्स्टर्स’ गोळा करणाऱ्यांपैकीच तो एक. त्याने ग्रॉझची ममी स्वतःच्या गिटारवर उतरवून घेतली आहे.

आपल्याकडे सिनेमाची चित्रं हातानेच होत. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन 1930च्या दशकात मुंबईत परातीवर चढून सिनेमाचे फलक रंगवायचे, चौरस फुटाला काही आण्यांच्या दराने. पुढे त्यांनाच या देशात राक्षस ठरवण्यात आलं आणि 2011 साली लंडनमध्ये ते वारले, कतारचे नागरिक म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक आहे, जास्त लिहीत नाही.

आमच्या भागातही एक पेंटर चाचा आहेत. ऐंशीच्या पुढचे. टॉकीजचे बॅनर करायचे. फोटोवर चौकोन आखायचे, कापडावर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगाने एका रात्रीत दहा फुटी चेहरा उभा करायचा. फ्लेक्स आल्यावर काम संपलं. आता गाड्यांचे नंबर आणि उरुसाच्या कमानीवरची अक्षरं करतात, तीही क्वचित. जुन्या बाजारातलं ते मुखपृष्ठ घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, चाचा, हे एवढं मोठं करून द्या, भिंतीवर लावायचंय.

चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. “कौन है ये?”

“राक्षस आहे चाचा. अंग्रेजी सिनेमातला.”

“राक्षस नक्को बोल,” ते म्हणाले. “व्हिलनला आम्ही हिरवा मारायचो, हिरोला गुलाबी. याला यानं दोन्ही मारलंय, बघ. गालाला गुलाबी आहे.”

मी इतक्या वेळा पाहिलं होतं, पण गालावरचा तो गुलाबी पट्टा मला दिसला नव्हता. मी त्यांना कार्लॉफबद्दल सांगितलं, सुरत, मिठाचं खातं, आपल्याच छावणीतली ती आजी. त्यांनी ऐकून घेतलं. गोष्ट खरी मानणारे ते पहिलेच.

“मंग आपल्यातलाच म्हन की,” एवढंच बोलले आणि पट्टी घेऊन मुखपृष्ठावर पेन्सिलीने चौकोन आखायला लागले. मी घाबरून म्हटलं, चाचा, अस्सल आहे, झेरॉक्सवर आखा. ते थांबले नाहीत. फोटो आखल्याशिवाय नाक कुठे येतं ते कळत नाही म्हणाले.

महिन्याभराने चित्र झालं. तीन फूट बाय चार, जुन्या बॅनरच्या कापडावर, मागच्या बाजूला कुठल्यातरी हिरोइनचा अर्धा डोळा अजून दिसतो. नाक जरा आपल्यासारखं आलं आहे. मेहनतान्याचं विचारलं तर सामानाचे साडेचारशे घेतले. खाली सही करा म्हणून मी मागे लागलो. बॅनरवर पेंटरचं नाव कुठे असतं, म्हणत त्यांनी टाळलं. मग दोन दिवसांनी स्वतःच आले, बारका ब्रश घेऊन, आणि कोपऱ्यात उर्दूत आपलं नाव लिहून गेले.